1992: गोलरक्षकाच्या हातातून चेंडू काढून घेणारं वर्ष

प्रश्न असा आहे: "जुने खेळाडू आणि प्रशिक्षक '1992च्या आधीचा फुटबॉल' आणि 'नंतरचा फुटबॉल' अशी सरळ विभागणी करतात. मला त्या वर्षात इंग्लंडची प्रीमियर लीग सुरू झाली, एवढंच ठळक दिसतं. एका वर्षात खरंच इतकं काय बदललं? आणि ते समजायला कोणते सामने पाहावेत?"

मी आधी गोलरक्षक म्हणून खेळलो आणि नंतरची सगळी वर्षं गोलरक्षक घडवण्यात गेली. त्यामुळे माझं उत्तर एका बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो. पण ते झुकतं माप मला योग्यच वाटतं. प्रीमियर लीग, चॅम्पियन्स लीग, दूरचित्रवाणीचा पैसा यांनी फुटबॉल कोण पाहतं आणि त्यातून कोण श्रीमंत होतं, ते बदललं. मैदानावर खेळ कसा खेळला जातो, ते मात्र नियमपुस्तकात वाढलेल्या एका वाक्याने बदललं. ते वाक्य असं: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येणार नाही. घेतला, तर प्रतिस्पर्ध्याला तिथेच अप्रत्यक्ष फ्री किक, म्हणजे जिच्यावर थेट गोल करता येत नाही अशी.

आज हे इतकं अंगवळणी पडलंय की त्याआधी काय चालायचं याची नव्या प्रेक्षकाला कल्पना करता येत नाही. संघ 1-0 ने पुढे आहे आणि वीस मिनिटं उरली आहेत. गोलरक्षक चेंडू हातात घेतो, बाजूच्या बचावपटूकडे घरंगळत सोडतो. बचावपटू दोन पावलं पुढे जातो. प्रतिस्पर्धी आघाडीपटू धावत अंगावर आला की तो चेंडू मागे गोलरक्षकाकडे देतो. गोलरक्षक उचलतो, छातीशी धरतो, आघाडीपटू मान खाली घालून परत फिरतो. पुन्हा तेच. नियमाला धरून, अगदी शांतपणे वीस मिनिटं जिरवता यायची. ही कुणाची लबाडी नव्हती. आम्हाला हेच शिकवलं जायचं आणि ते नीट जमणं हा संघाच्या परिपक्वतेचा पुरावा मानला जायचा.

याचा कडेलोट 1990च्या इटलीतल्या विश्वचषकात झाला. 52 सामन्यांत 115 गोल, म्हणजे सामन्याला सरासरी 2.21. विश्वचषकाच्या इतिहासातली ती सर्वांत कमी सरासरी आहे. दोन्ही उपांत्य सामने पेनल्टी शूटआउटवर गेले. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने अर्जेंटिनाला हरवलं ते 85व्या मिनिटाच्या एका पेनल्टीवर. पालेर्मोमधला आयर्लंड आणि इजिप्त यांचा 0-0 सामना तर त्या काळाचं शवविच्छेदन करायला ठेवावा असा आहे. इजिप्तला बरोबरी हवी होती आणि बरोबरी मिळवण्याचं सर्वांत सुरक्षित साधन त्यांच्या गोलरक्षकाच्या हातात होतं. शिवाय पुढचा विश्वचषक 1994 मध्ये अमेरिकेत व्हायचा होता. ज्या देशाला हा खेळ नव्याने दाखवायचा, तिथे गोलरक्षक आणि बचावपटूंची ही देवाणघेवाण दाखवून चालणार नाही, हे फिफाला कळत होतं.

फुटबॉलचे नियम फिफा एकटी ठरवत नाही. 1886 पासून ते काम इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड करतं. त्यात इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक मत आणि फिफाची चार मतं असतात. आठांपैकी सहा मतं मिळाल्याशिवाय काही बदलत नाही. म्हणून नियम हळू बदलतात, आणि एकदा बदलले की टिकतात. 1992च्या वार्षिक बैठकीत बॅकपासचा नियम मंजूर झाला आणि त्याच उन्हाळ्यात, जुलैअखेर, लागू झाला.

तयारीला वेळ जवळजवळ मिळालाच नाही. मला आठवतं, आमच्या प्रशिक्षकांनी नियमाचं परिपत्रक वाचून दाखवलं आणि खोलीत कुणी काही बोललं नाही. बचावपटू एकमेकांकडे पाहत होते आणि सगळे मिळून माझ्याकडे. नव्या नियमाच्या पहिल्याच सामन्यात आमच्या बचावपटूने सवयीने चेंडू मागे दिला, मी सवयीने उचलला, शिट्टी वाजली. गोलपासून सात-आठ मीटरवर अप्रत्यक्ष फ्री किक. आमचे दहा जण गोलरेषेवर भिंत करून उभे, त्यांनी चेंडू हलका सरकवला, दुसऱ्याने पायांच्या जंगलातून आत घातला. त्या रात्री मला पहिल्यांदा जाणवलं की लहानपणापासून माझ्या पायांकडे कुणी लक्षच दिलेलं नव्हतं. उंची, हात, उडी, धाडस यांवर माझी निवड झाली होती. पाय होते ते फक्त गोलकिक मारायला, आणि पुष्कळ संघांत तीही एखादा बचावपटूच मारायचा.

हा बदल गोलरक्षकापुरता असता तर मी त्याला एवढं महत्त्व दिलं नसतं. पण चेंडू मागे देऊन सुटका करून घेता येईनाशी झाल्यावर बचावपटूला दबावाखाली वळता येणं, डोकं वर करून पाहणं, पुढे पास देणं भाग पडलं. नुसता तगडा, चेंडू दिसला की भिरकावून देणारा मधला बचावपटू हळूहळू कालबाह्य झाला. दुसरीकडे आघाडीपटूच्या चेंडूमागे धावण्याला अर्थ आला. पूर्वी तो धावला की गोलरक्षक चेंडू उचलायचा आणि धाव वाया जायची. आता धावलं तर चूक घडवता येते. आज ज्याला 'हाय प्रेसिंग' म्हणतात, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलजवळच जाऊन चेंडूसाठी दबाव टाकणं, त्याची बीजं आधीही होती. प्रशिक्षक अरिगो साक्कीच्या मिलान या इटालियन क्लबने ते खेळून दाखवलं होतं. पण ते प्रत्येक संघाला परवडणारं हत्यार झालं ते या नियमानंतर. आणि दबाव वाढला, तसा त्यातून पास देत बाहेर पडण्याचा अभ्यास वाढला. आजच्या सामन्यात तुम्ही जे काही आवडीने पाहता, त्यातलं निम्मं या एका साखळीतून आलंय असं मला वाटतं.

प्रशिक्षणात काय बदललं तेही सांगतो, कारण पुस्तकी चर्चेत ते येत नाही. पहिली गोष्ट बचावपटूंना शिकवावी लागली: मागे पास द्यायचा तो गोलखांबांच्या बाहेरच्या रेषेत. गोलरक्षकाचा पाय चुकला तर चेंडू कॉर्नरला जावा, जाळ्यात नव्हे. दुसरी, गोलरक्षकाने पास मागताना गोलसमोरून बाजूला सरकायचं आणि शरीर अर्धं उघडं ठेवायचं, म्हणजे पहिल्या स्पर्शातच चेंडू दबावापासून दूर जातो. तिसरी म्हणजे कमजोर पाय. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी पहिले काही आठवडे ग्लोव्हज घालूच देत नाही, त्यांना ते आवडत नसलं तरी. आणि चौथी गोष्ट ऐकून लोक चमकतात: सहकाऱ्याचा पास चुकून थेट गोलात चालला असेल तर हाताने अडवा! पेनल्टी क्षेत्रात गोलरक्षकाने हात लावण्याच्या या चुकीला कार्ड नाही, फक्त अप्रत्यक्ष फ्री किक आहे. तिच्यावर गोल व्हायला दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श लागतो, भिंत गोलरेषेवर उभी करता येते. नियमाच्या धाकाने हात मागे घेऊन गोल होऊ देणारे गोलरक्षक मी पाहिलेत.

नियमाला पळवाटाही शोधल्या गेल्या. डोक्याने, छातीने, मांडीने दिलेला पास हातात घेता येतो. मग बचावपटू पायाने चेंडू उडवून डोक्याने मागे देऊ लागले. त्यावर मुद्दाम केलेली युक्ती म्हणून पिवळं कार्ड आलं. थ्रो-इन थेट गोलरक्षकाच्या हातात देण्याची वाट 1997 मध्ये बंद झाली. 2019 मध्ये गोलकिकचा चेंडू पेनल्टी क्षेत्राबाहेर जाण्याची अट काढली गेली आणि गोलरक्षकाशेजारी दोन बचावपटू उभे करून खेळ सुरू करण्याची पद्धत रूढ झाली. 2025-26च्या हंगामापासून गोलरक्षकाने आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ चेंडू हातात धरला तर प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर मिळतो. 1992 मध्ये जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही.

आता एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ ठिकाणी सांगितलं जातं की डेन्मार्कने 1992च्या युरो, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इतके बॅकपास दिले की फिफाने नियमच बदलला. तसं नाही. निर्णय त्या सामन्याआधीच झालेला होता. डेन्मार्कचा विजय हे नियमाचं कारण नव्हे. जुन्या खेळाचा तो शेवटचा मोठा विजय होता. मला ती स्पर्धा याच कारणासाठी प्रिय आहे.

तिची गोष्ट थोडी सावकाश सांगतो. स्वीडनमध्ये फक्त आठ संघांची स्पर्धा. पात्रता फेरीत डेन्मार्क आपल्या गटात युगोस्लाव्हियाच्या मागे, एका गुणाने दुसरा राहिला होता, म्हणजे बाहेर. पण युगोस्लाव्हिया देश म्हणून तुटत होता, बोस्नियात युद्ध पेटलं होतं. 30 मे 1992 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 757 क्रमांकाचा ठराव करून निर्बंध लादले आणि त्यांत क्रीडास्पर्धांतला सहभागही होता. युगोस्लाव्हियाचा संघ स्वीडनमध्ये पोचलेला होता. त्याला परत पाठवलं गेलं. स्पर्धा 10 जूनला सुरू होणार आणि डेन्मार्कला बोलावणं आलं ते दीडेक आठवडा आधी. प्रशिक्षक रिचर्ड मोलर नील्सन. त्यांच्या बचावात्मक शैलीवर नाराज होऊन मायकेल आणि ब्रायन या लाउड्रप बंधूंनी 1990 मध्ये राष्ट्रीय संघ सोडला होता. ब्रायन परतला, मायकेल, त्या पिढीतला डेन्मार्कचा सर्वांत प्रतिभावान खेळाडू, परतला नाही.

सुरुवात फिकी होती. इंग्लंडशी 0-0, यजमान स्वीडनकडून 0-1. मग फ्रान्सला 2-1 हरवून उपांत्य फेरी. तिथे गतविजेता नेदरलँड्स. हेन्रिक लार्सनने दोन गोल केले, बर्गकॅम्प आणि रायकार्डने फेडले, रायकार्डचा तर शेवटच्या काही मिनिटांत. शूटआउटमध्ये नेदरलँड्सच्या मार्को व्हॅन बास्टेनची पेनल्टी डेन्मार्कचा गोलरक्षक पीटर श्मायकेलने अडवली. दहापैकी तेवढी एकच हुकली. त्याच वर्षी व्हॅन बास्टेनला बॅलन डी'ओर, म्हणजे युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला.

26 जूनला गोथेनबर्गच्या उल्लेवी मैदानावर अंतिम सामना, समोर विश्वविजेता जर्मनी. एकीकरणानंतरची त्यांची ती पहिली मोठी स्पर्धा. 18व्या मिनिटाला डेन्मार्कच्या जॉन येन्सनने पेनल्टी क्षेत्राच्या कडेवरून सणसणीत फटका मारून गोल केला. त्यानंतर जवळपास तास-सव्वा तास डेन्मार्क तग धरून राहिला. चेंडू मिळाला की मागे, श्मायकेलच्या हातात. पुढे, पुन्हा मागे. नव्या प्रेक्षकाला ते कंटाळवाणं वाटेल. मला त्यात वेगळंच काही दिसतं: उपांत्य फेरीत दोन तास आणि शूटआउट खेळून दमलेला संघ आपली उरलीसुरली ताकद कशी जपून वापरतो ते. आणि श्मायकेलने त्या तासात केलेले बचाव आजही मी मुलांना दाखवतो. जर्मन खेळाडू क्रॉस टाकत होते आणि तो गर्दीत उडी मारून एका हाताने चेंडू खेचून घेत होता. 78व्या मिनिटाला किम विलफोर्टने दुसरा गोल केला. विलफोर्टची लहान मुलगी ल्युकेमियाने आजारी होती. तिच्यासाठी तो मध्येच घरी गेला, फ्रान्सविरुद्ध खेळला नाही, मग परत येऊन उपांत्य आणि अंतिम सामना खेळला. काही आठवड्यांत ती मुलगी गेली. त्या गोलनंतरचा त्याचा चेहरा पाहताना मला दरवेळी थांबावं लागतं.

15 सामन्यांत 32 गोल, ही त्या स्पर्धेची जमा. म्हणजे सामन्याला दोनच्या थोडं वर. आणि महिन्याभरात नियम बदलला.

बार्सेलोना ऑलिंपिकमधला फुटबॉल नव्या नियमाने खेळला गेला. पुरुष फुटबॉलला 23 वर्षांखालील खेळाडूंची मर्यादाही याच ऑलिंपिकपासून आली. 8 ऑगस्टला कॅम्प नोउवर स्पेनने पोलंडला 3-2 हरवलं, निर्णायक गोल किकोने अगदी अखेरीस केला. स्पेनच्या त्या संघात 21 वर्षांचा पेप गार्डिओला होता, लुइस एन्रिके होता. बॅकपासच्या नियमानंतरचा फुटबॉल सर्वांत खोलवर समजून घेतलेल्या दोन प्रशिक्षकांनी त्या नियमाची पहिली स्पर्धा खेळाडू म्हणून जिंकावी, हा योगायोग मला विलक्षण वाटतो. त्याच स्पर्धेत घानाने ऑस्ट्रेलियाला हरवून कांस्य मिळवलं. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये पदक मिळवणारा तो पहिला आफ्रिकी संघ.

आफ्रिकेचं नाव आलंच आहे तर वर्षाच्या सुरुवातीला जाऊ. 1992ची पहिली मोठी स्पर्धा सेनेगलमध्ये झाली, आफ्रिकन नेशन्स कप, पहिल्यांदाच बारा संघांचा. 26 जानेवारीला डाकारमध्ये आयव्हरी कोस्ट आणि घाना यांच्यात 120 मिनिटांत एकही गोल झाला नाही. घानाचा कर्णधार अबेदी पेले कार्डांमुळे बाहेर बसला होता आणि त्याच्याविना घानाचं आक्रमण बोथट झालं. मग जी शूटआउट झाली तिच्यात दोन्ही संघांच्या अकराही खेळाडूंनी, म्हणजे गोलरक्षकांनीसुद्धा, पेनल्टी घेतली आणि फेरा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. एकूण 24 पेनल्टी, आयव्हरी कोस्ट 11-10 ने विजयी. त्यांचा गोलरक्षक आलँ गुआमेने याने संपूर्ण स्पर्धेत खेळ चालू असताना एकही गोल खाल्ला नाही. एकही नाही! श्मायकेलचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, गुआमेनेचं फार थोड्यांना. 1992चा सर्वोत्तम गोलरक्षक कोण, असं मला कुणी विचारलं तर मी उत्तर द्यायला वेळ घेईन.

वर्णभेदी राजवटीमुळे आंतरराष्ट्रीय फुटबॉलबाहेर वर्षानुवर्षं ठेवलेला दक्षिण आफ्रिका त्याच वर्षी परतला. 7 जुलैला डर्बनमध्ये त्यांनी कॅमेरूनला 1-0 हरवलं, डॉक्टर खुमालोच्या पेनल्टीवर. कॅमेरून म्हणजे दोनच वर्षांपूर्वी विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडला अतिरिक्त वेळेपर्यंत झुंजवणारा संघ. एक देश युद्धामुळे स्पर्धेबाहेर गेला आणि महिन्याभराने दुसरा देश परत आला. फुटबॉलचा इतिहास सांगताना या दोन घटना एकत्र सांगायला हव्यात असं मला वाटतं.

युगोस्लाव्हियाचं नुकसान किती मोठं होतं, तेही लक्षात घ्या. त्यांचा रेड स्टार बेलग्रेड हा क्लब 1991चा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेचा, विजेता होता. पुढच्या हंगामात त्यांना आपले घरचे सामने हंगेरी आणि बल्गेरियात जाऊन खेळावे लागले, तरी ते अंतिम फेरीच्या उंबरठ्यापर्यंत गेले. 1992च्या उन्हाळ्यात तो संघ विखुरला: साविचेविच मिलानला, युगोविच सॅम्पदोरियाला, मिहायलोविच रोमाला, पान्चेव इंटरला. एवढा गुणी संघ पुन्हा एकत्र आला नाही.

1991-92चा युरोपियन कप 20 मे रोजी लंडनच्या वेम्बलीवर बार्सेलोनाने जिंकला, सॅम्पदोरियाविरुद्ध, अतिरिक्त वेळेत रोनाल्ड कोएमनच्या फ्री किकवर, 1-0. बार्सेलोनाचा तो पहिलाच. प्रशिक्षक योहान क्रायफ. गंमत म्हणजे हा संघ 1991च्या नोव्हेंबरमध्येच बाहेर पडायचा होता: कैसर्सलौटर्न या जर्मन क्लबकडे, पहिला सामना 2-0 जिंकूनही, परतीच्या सामन्यात 3-0 ने मागे असताना शेवटच्या मिनिटाला बाकेरोने हेडरवर गोल केला. दोन सामन्यांची बेरीज समान झाली आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरच्या त्या एका गोलने ते वाचले. क्रायफ फार आधीपासून म्हणत आला होता की गोलरक्षक हा संघाचा पहिला आक्रमक असतो. 1992 पर्यंत ते एका द्रष्ट्याचं मत होतं. नियम बदलला आणि ती सगळ्यांची गरज झाली.

त्या हंगामात स्पर्धेत पहिल्यांदा गटफेरी घेतली गेली आणि पुढच्या हंगामापासून नाव बदललं: चॅम्पियन्स लीग. बाद फेरीत एका वाईट रात्रीत मोठा क्लब बाहेर जायचा. गटफेरीने त्याला ठरावीक सामन्यांची आणि ठरावीक प्रक्षेपण-उत्पन्नाची हमी दिली. इंग्लंडमध्ये वरच्या 22 क्लबांनी जुन्या फुटबॉल लीगपासून फारकत घेऊन 15 ऑगस्टला प्रीमियर लीग सुरू केली. पहिला गोल शेफील्ड युनायटेडच्या ब्रायन डीनचा, मँचेस्टर युनायटेडविरुद्ध. पाच वर्षांच्या प्रक्षेपण कराराचा जाहीर झालेला आकडा 30 कोटी 40 लाख पौंड. लीग सुरू झाली तेव्हा ती जागतिक मुळीच नव्हती: पहिल्या फेरीत सुरुवातीच्या संघांत ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरचे खेळाडू होते अवघे 13. त्यांतला एक, एरिक कँटोना, नोव्हेंबरमध्ये लीड्सहून मँचेस्टर युनायटेडला गेला आणि बाकीचा इतिहास तुम्हाला माहीत असेलच. त्या वर्षी खरा पैसा इटलीत होता. एकाच उन्हाळ्यात बदलीशुल्काचा, म्हणजे खेळाडूसाठी क्लबने मोजलेल्या रकमेचा, जागतिक विक्रम तीनदा मोडला गेला, पापँ, व्हियाली आणि लेन्तिनी या खेळाडूंसाठी, आणि तिन्ही वेळा घेणारा क्लब इटालियनच. फाबियो कापेल्लोच्या मिलानने 1991-92ची लीग एकही सामना न हरता जिंकली.

वर्षातली एक घटना मला खेळाच्या हिशेबात मांडवत नाही. 5 मे रोजी कोर्सिकातल्या बास्तिया शहरात, फुरियानी मैदानावर, मार्सेविरुद्धच्या फ्रेंच कप उपांत्य सामन्याआधी घाईने उभारलेला तात्पुरता स्टँड कोसळला. 18 माणसं गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. जास्त तिकिटं विकता यावीत म्हणून तो स्टँड उभा केला होता. 2021 मध्ये फ्रान्सने कायदा करून 5 मे या तारखेला व्यावसायिक सामने बंद केले. 1992चा अर्थ पैशाच्या भाषेत सांगणाऱ्यांनी ही तारीखही सांगावी.

आशियात जपानने हिरोशिमात सौदी अरेबियाला 1-0 हरवून पहिल्यांदा आशियाई चषक जिंकला. पुढच्या वर्षी त्यांची व्यावसायिक जे-लीग सुरू झाली. दक्षिण अमेरिकेत टेले सांतानाच्या साओ पावलोने मार्सेलो बिएल्साच्या न्यूवेल्स ओल्ड बॉइजला शूटआउटमध्ये हरवून लिबर्तादोरेस कप, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली सर्वांत मोठी क्लब स्पर्धा, जिंकली आणि 13 डिसेंबरला टोकियोत, दोन्ही खंडांच्या विजेत्या क्लबांच्या सामन्यात, क्रायफच्या बार्सेलोनाला 2-1 हरवलं. साओ पावलोच्या राईचे दोन गोल, दुसरा फ्री किकवर. युरोपचा तेव्हाचा सर्वांत सुंदर संघ आणि दक्षिण अमेरिकेचा सर्वांत सुंदर संघ समोरासमोर, आणि सरस ठरला साओ पावलो.

नियमाचा परिणाम आकड्यांत दिसतो का, हेही लोक विचारतात. 1994च्या विश्वचषकात 52 सामन्यांत 141 गोल झाले, सरासरी 2.71. पण सगळं श्रेय बॅकपासच्या नियमाला देऊ नका. त्याच स्पर्धेत गटसामन्यातल्या विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळाले, मागून केलेल्या धोकादायक टॅकलला लाल कार्डची सक्ती होती. माझ्या मते गोलसंख्या हा या नियमाचा सर्वांत कच्चा पुरावा आहे. चेंडू प्रत्यक्ष खेळात किती वेळ असतो आणि गोलरक्षक एका सामन्यात पायाने किती वेळा खेळतो, तिथे पाहा.

सामने पाहायचे तर या क्रमाने पाहा. आधी आयर्लंड आणि इजिप्त यांचा 1990चा, पूर्ण नको, दुसऱ्या अर्धातली वीस मिनिटं पुरेत. मग डेन्मार्क-जर्मनी अंतिम सामना, पूर्ण. त्यानंतर ऑलिंपिकचा अंतिम सामना. त्यात बचावपटू मागे पास द्यायला वळतात आणि क्षणभर थबकतात, तो थबकण्याचा क्षण शोधा. शेवटी 1995चा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना, नेदरलँड्सचा आयाक्स क्लब आणि मिलान. आयाक्सच्या गोलात एडविन व्हॅन डर सार आहे, नियम बदलला तेव्हा तो 21 वर्षांचा होता. चेंडूकडे न बघता पहिली दहा मिनिटं फक्त त्याच्या पायांकडे बघा: चेंडू बचावपटूकडे असताना तो कुठे सरकतो, कोणत्या पायावर पास मागतो. मग पुन्हा श्मायकेलचा उल्लेवीवरचा सामना लावा आणि त्याचे हात बघा. दोघांच्या मध्ये जेमतेम तीन वर्षं आहेत.